यादीतलं एकविसावं नाव

१३ फेब्रुवारी २०२२
हार्लो बेंड

प्रिय ग्वेन,

माझं अक्षर बघून तू पाकीट तसंच परत पाठवशील, म्हणून या वेळी पत्ता ग्रंथालयातल्या मशीनवर छापून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. फोनवर तू मला बंद केलं आहेस, डेटनला येऊन तुझ्या दारात उभं राहायचा धीर होत नाही, तेव्हा कागदच उरला.

काल मी एका जेवणाला गेले होते, ते तुला सांगायचं आहे. ग्रंथालयाच्या तळघरात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी असतं. 'एका टेबलावर' असं नाव ठेवलंय. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा आणि ओळख नसलेल्या माणसाच्या शेजारी बसायचं. काळी माणसं, गोरी माणसं, कोंबड्यांच्या कारखान्यातली दोन मेक्सिकन कुटुंबं. हे सगळं उभं केलं ल्युएला पेटिफर्ड म्हणून एक बाई आहेत त्यांनी. लुईव्हिलला औषधांच्या दुकानात होत्या, निवृत्त झाल्यावर नवऱ्याला घेऊन इथे राहायला आल्या. यजमानांचे आजोबा इथलेच, नदीच्या खालच्या धक्क्यावरचे सुतार. एके काळी त्या धक्क्यावर चाळीस काळी कुटुंबं राहायची. ती चाळीस घरं आपल्या गोऱ्या माणसांनी एका आठवड्यात कशी रिकामी करवली हे शाळेत ना मला कुणी शिकवलं, ना तुला.

भिंतीवर एक मोठा फळा आहे. कोणता घरमालक कातडी बघून "खोली कालच गेली" म्हणत नाही, कोणता वकील पहिल्या मंगळवारी फुकट बसतो, शाळेत पोराला वेगळं वागवलं तर कुठला अर्ज भरायचा, सगळं त्यावर लावलेलं असतं. कोपऱ्यात एक नर्स रक्तदाब बघते. वाचायला पुस्तकं घरी नेता येतात.

मी चिकन-नूडल्स नेल्या होत्या. पेटिफर्डबाईंचे यजमान हार्लन, त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेलाय, उजवा हात चालत नाही. मला म्हणाले, "डॉक्टरने मला मीठ बंद केलंय. तुमच्या नूडल्समध्ये मीठ आहे का हो?"

"आहे."

"मग मी विचारलंच नाही असं समजा," म्हणाले आणि ताटली पुढे केली.

दारात बसून आलेल्यांची नावं आणि पत्ते लिहायचं काम माझ्याकडे आलं. एकतीस वर्षं कर कार्यालयात मी दुसरं केलं काय! वीस नावं झाली. पत्रकं टपालाने पाठवायची होती, म्हणून घरी आल्यावर मी सगळी यादी स्वच्छ उतरून काढली, आणि शेवटी एकविसावं नाव तुझं लिहिलं. आता पुस्तकांची यादी आणि कार्यक्रमांचं पत्रक तुलाही येत जाईल. तुझा पत्ता मला कुठून मिळाला ते विचारू नकोस.

एकोणीस जूनला खालच्या धक्क्यावर मोठा कार्यक्रम आहे. गुलामगिरी संपल्याची बातमी अगदी शेवटच्या माणसांपर्यंत पोचली तो दिवस. त्या चाळीस कुटुंबांच्या नावांचा दगड बसवणार आहेत. तुम्ही या. जावयाला, रॉडेलला आण, नातीला, नायाला आण. ती आता आठ वर्षांची असेल ना?

वेंडलमामा बरा आहे. त्याचं नाव तुला नको असतं, पण माझा तो धाकटा भाऊ आहे. मी त्याला अंगाखांद्यावर वाढवलंय, मी कुठे टाकू त्याला.

आई


१३ मार्च

ग्वेन,

पाकीट परत आलं नाही. एवढ्यावर मी महिना काढला.

कालच्या जेवणाला चौतीस माणसं होती. पण पेटिफर्डबाई नेहमीसारख्या नव्हत्या. जेवणं उरकल्यावर त्यांनी पर्समधून एक पोस्टकार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावर त्यांच्याच घराचा फोटो. रस्त्यावरून काढलेला, गाडीच्या खिडकीतून काढतात तसा. मागे फक्त १ असा आकडा. ना सही, ना शब्द.

"कुणी हौसेने काढला असेल," मी म्हटलं.

"हौस दिसते खरी," त्या म्हणाल्या. "फोटोत खिडकीशी हार्लन बसलेत. म्हणजे ते घरात कधी एकटे असतात हे काढणाऱ्याला ठाऊक होतं."

मग आमचे पाद्री उठले. त्यांनी खिशातून दुसरं कार्ड काढलं. २. त्यांना वाटलं होतं चर्चच्या पोरांनी मस्करी केली. मग आणखी दोघांनी काढली, ३ आणि ४. टेबलावर चार घरं ओळीने मांडलेली, आणि कुणी गोडाला हात लावेना. शुगर क्रीम पाय होता, तुझ्या आवडीचा.

शेरीफच्या कचेरीत सांगितलं. ते म्हणाले, रस्त्यावरून घराचा फोटो काढणं हा गुन्हा नाही.

आज दुपारी वेंडल जेवायला आला. रविवारचा येतोच. "काय ताई, तुझ्या त्या भाऊबंदांच्या पंगतीत काय शिजलं काल?" म्हणाला. मी म्हटलं, हॅम आणि बीन्स. तो हसला. एरवी तो खोदून खोदून विचारतो, कोण आलं होतं, कुठून आलं होतं. आज काही विचारलं नाही.

जूनचं लक्षात ठेव.

आई


२८ मार्च

ग्वेन,

मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती शांतपणे ऐकून घे.

आता नऊ कार्डं झाली आहेत. दोन-तीन दिवसांनी एक येतं. त्यातलं सातवं श्नेल म्हाताऱ्याला आलं. फेरी रस्त्यावरचा, तोच. तू लहान असताना त्याच्या कुत्र्याला घाबरायचीस. पेटिफर्डबाईंच्या समोरच त्याचं घर. तो उभ्या जन्मात त्या तळघरात उतरलेला नाही. कार्ड हातात नाचवत तो ग्रंथालयात आला आणि माझ्यावर खेकसला, "मी कुठल्या टेबलावर बसलो होतो ते सांग मला, नेल्डा! मी माझ्या स्वतःच्या टेबलावरसुद्धा बसत नाही, उभ्याने खातो!"

सगळे हसले. मीही हसले. मग कार्डावरचा पत्ता वाचला आणि मूळ कागद काढायला उठले.

श्नेलच्या घराचा नंबर ४१८. जेवणाला येणारे बँडमास्तर कॉर्बिन त्याच रस्त्यावर राहतात, ४८१ ला. फेब्रुवारीत यादी उतरताना मी आकडे उलटे लिहिले. ग्रंथालयातल्या मूळ कागदावर मी ४८१ च लिहिलेलं आहे. चूक फक्त माझ्या यादीत आहे. आणि कार्डांचा क्रमही माझ्याच यादीचा आहे. पहिल्या पेटिफर्डबाई, दुसरे पाद्री, सातवे कॉर्बिन.

ती यादी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेली असायची. वेंडल दर रविवारी तिथेच बसतो. त्याच्या नजरेला पडली असेल. फोन काढून फोटो घ्यायला असा कितीसा वेळ लागतो.

मी अजून कुणाला बोलले नाही. आधी खात्री करून घ्यावी म्हणते. उगाच एखाद्याचं नाव घ्यायचं आणि मग तसं नसलं तर?

आई


१० एप्रिल

ग्वेन,

हे पत्र नीट वाच, अर्धवट टाकू नकोस.

काल जेवणाला अकराच माणसं आली. श्नेल मात्र आला. म्हणाला, "कार्ड आलंच आहे तर फुकट कशाला घालवू?" आणि हार्लनच्या शेजारी बसून दोन ताटल्या जेवला. दोघं मासेमारीवरून कडाकडा भांडले. काल तळघरात तेवढाच काय तो माणसांचा आवाज.

मग पेटिफर्डबाईंनी कुणाकुणाला कार्डं आली ते विचारलं. तेरा आलंय. पंधरा आलंय. त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "मग चौदा कुणाचं?"

चौदावं नाव माझं आहे, ग्वेन. मला कार्ड आलेलं नाही.

मी म्हटलं, "मला आलं. मी जाळून टाकलं."

किती पटकन तोंडातून गेलं! पेटिफर्डबाई उठून माझ्याकडे आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाल्या, "एकट्या राहता. रात्री आमच्याकडे झोपायला या." मी मान खाली घालून बसले. माझ्या खांद्यावर त्यांचा हात आणि माझ्या तोंडात ते खोटं.

आता तुझ्यासाठी. एकविसावं नाव तुझं आहे. तुला पत्रकं यावीत म्हणून घातलं होतं. या हिशेबाने दोन आठवड्यांच्या आत तुझ्याकडे कार्ड येईल. आलं तर फेकू नकोस, हाताचे ठसे उमटू न देता पिशवीत ठेव, तुमच्या पोलिसांना दाखव. रॉडेलला सांग. नायाला शाळेत एकटी सोडू नका. माझ्यावरचा राग मग काढ, हे आधी कर.

आई


१९ एप्रिल

ग्वेन,

ईस्टरच्या सकाळी सगळं गाव चर्चमध्ये असताना पेटिफर्डांच्या घराला आग लावली. पुढच्या ओट्यावर काहीतरी ओतलं होतं. हार्लन आत एकटे. त्यांना पायऱ्या उतरून चर्चला जाणं होत नाही, ते खिडकीशी बसून रेडिओवर प्रार्थना ऐकतात.

श्नेल चर्चला जात नाही. चाळीस वर्षं सगळ्यांनी त्याला नावं ठेवली त्यावरून. त्याने धूर पाहिला, मागचं दार लाथेने तोडलं आणि हार्लनना काखेत धरून ओढत बाहेर आणलं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस. दोघंही गवतात पडून खोकत होते तेव्हा आम्ही पोचलो. श्नेलचे दोन्ही तळहात भाजलेत. हार्लनच्या फुप्फुसात धूर गेलाय, त्यांना नळी घातली आहे. डॉक्टर अजून भरवसा देत नाहीत.

पेटिफर्डबाई गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर ईस्टरची पिवळी टोपी होती. ती त्यांनी हळूच काढली, गाडीच्या टपावर ठेवली आणि मग पळाल्या.

मागे मी तुला लिहिलं की यादी टेबलावर पडली होती आणि वेंडलच्या नजरेला पडली असेल. तसं नाही. त्याने मागितली आणि मी दिली. माझ्या हाताने, दुसरी प्रत काढून. तो म्हणाला, "ताई, कोण कोण जातं बघू तरी. चांगली माणसं असतील तर मीही येईन एखाद्या वेळी." मला ते खरं वाटलं असं मी स्वतःला सांगत होते. वाटलं नव्हतं. तो दोन आठवडे रविवारी जेवायला आला नव्हता. मला तो यायला हवा होता. या घरात जेवणाच्या टेबलावर दुसरं माणूस नसतं, ग्वेन.

आणि आता सांगायलाच बसले आहे तर तेही सांगते. नऊ वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगला तू रॉडेलला पहिल्यांदा आणलंस. वेंडल टर्की कापता कापता त्याला म्हणाला, "आमच्या गावात पूर्वी संध्याकाळी सहाला भोंगा वाजायचा, माहितीये? तुमच्या लोकांना हद्दीबाहेर व्हायची आठवण म्हणून. बघ बरं किती वाजले." रॉडेलने काटा खाली ठेवला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुला प्रत्येक पत्रात लिहीत आले की मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं नाही. मी दारात उभी होते. मी ऐकलं. आणि मी हसले. बारीकसं, जेवण बिघडू नये म्हणून हसतात तसं. तू ते पाहिलंस, म्हणून तू गेलीस. मामामुळे नाही गेलीस. मला हे नऊ वर्षं ठाऊक आहे.

आई


३ मे

ग्वेन,

परवा मी वेंडलच्या दुकानात गेले. बोटीचं इंजिन उघडून बसला होता. त्याच्याबरोबर नेहमी असतात ते दोघं-तिघं मला बघून मागच्या दाराने बाहेर गेले.

"आग कुणी लावली, वेंडल?"

"ईस्टरला मी तुझ्या शेजारी चर्चमध्ये बसलो होतो, ताई. तूच माझी साक्षीदार."

"म्हणूनच विचारते. सहा वर्षांत तू चर्चला आला नव्हतास."

त्याने पाना खाली ठेवला. हात पुसले. "मी यादी पुढे दिली. बस. पुढच्यांनी बाहेरगावच्या कुणाला दिली. फोटो त्यांनी काढले. नुसती भीती घालायची असं ठरलं होतं. पुढचं मला विचारू नकोस. जितकं कमी ठाऊक तितकं तुझ्या बाजूने बरं."

"मला कार्ड का नाही आलं?"

"मी सांगितलं त्यांना, चौदा सोडा. माझी बहीण आहे म्हटलं."

"आणि एकवीस? ती कोण आहे तुझी?"

त्याने पाना परत उचलला. मी तिथेच उभी राहिले. शेवटी म्हणाला, "एकच नाव सोडायला तयार होते ते. एकच."

म्हणजे त्याने विचार करून निवडलं होतं, ग्वेन. माझ्यासाठी. त्याला वाटत होतं मी त्याचे उपकार मानावेत.

तिथून मी बसने इस्पितळात गेले. पेटिफर्डबाई हार्लनच्या खोलीबाहेर बाकावर बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. यादी, दुसरी प्रत, ४१८ चा घोळ, कार्ड जाळल्याचं खोटं. त्या मला थांबवत नव्हत्या. माझं बोलून झाल्यावर त्या समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही तळघरात यायला लागलात तेव्हा हार्लन म्हणाले होते, या बाईंच्या नूडल्स खऱ्या आहेत. मी म्हटलं, नूडल्स खऱ्या असतील."

मग माझ्याकडे वळल्या. "मी माफ केलं असं ऐकायला आला असाल, तर लिफ्ट त्या बाजूला आहे."

"त्यासाठी नाही आले."

"मग बसा. तुमचं अक्षर चांगलं आहे, असं मी सगळ्यांना सांगत होते. पुन्हा एकदा नावं लिहा. या वेळी त्यांची."

त्यांनी पर्समधून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. वेंडलच्या दुकानात कोण बसतं, कोण कुठून येतं, कुणाकडे कसली गाडी आहे, हे मला वीस वर्षं जेवणं वाढता वाढता कळलेलं आहे. मी नऊ नावं लिहिली. सगळ्यात वर वेंडलचं.   आकडे मी दोन-दोनदा तपासले.

सहावं नाव मर्लचं आहे. तो आता शेरीफचा शिपाई आहे, गणवेश घालतो. म्हणून पेटिफर्डबाईंनी वही गावात कुणाला दिली नाही, राज्य पोलिसांच्या तपासनीस राउशबाई आल्या होत्या त्यांच्याच हातात दिली.

राउशबाईंकडूनच मला कळलं की तू त्यांना फोन केला होतास. तुझं कार्ड आलं होतं. फोटो घराचा नव्हता, शाळेच्या बसच्या थांब्याचा होता, आणि त्यात नाया होती. त्यांनी तो मला दाखवला. खांद्यावर दप्तर, एक मोजा खाली घसरलेला. माझ्या नातीला मी पहिल्यांदा बघितलं ते असं.

पेटिफर्डबाईंनी जाताना सांगितलं, दारातल्या टेबलावर मी यापुढे बसायचं नाही. मी हो म्हटलं.

आई


२१ जून

ग्वेन,

तू येशील असं मला वाटलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मे महिन्यापासून मी मनातल्या मनात तू येऊ नयेस असंच म्हणत होते.

तू लांबून पाहिलंस तेवढंच तुला ठाऊक. मी तिथे त्या माणसाच्या शेजारी का उभी होते ते सांगते, नाहीतर तुझा काहीतरी भलताच समज होईल.

वेंडलला आणि बाहेरगावच्या दोघांना पकडलं होतं. वेंडल जामिनावर सुटला. बाकीच्यांविरुद्ध अजून पुरावा नाही. परवा सकाळी मी धक्क्यावर गेले तर बंदोबस्ताला कोण उभं? मर्ल. बंदूक लावून, काळा चष्मा घालून, बरोबर त्या दगडाच्या मागे. मंचावर पोरं गाणी म्हणायची तयारी करत होती. राउशबाई अजून आल्या नव्हत्या. पेटिफर्डबाईंना मी लांबून खूण केली. त्यांनी मर्लकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मान हलवली. कार्यक्रम थांबवणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मग मी जाऊन मर्लच्या शेजारी उभी राहिले. खांद्याला खांदा लागेल एवढी जवळ.

"काही हवंय का, नेल्डाकाकू?"

"नाही रे. वहीत तुझं नाव सहावं आहे. मी लिहिलंय. तुला माहीत असावं."

तो हसला. "ऊन लागेल तुम्हाला. सावलीत बसा."

"तू इथे असेपर्यंत मी इथे आहे."

चार तास उभी होते. तो दोन पावलं सरकला की मी दोन पावलं सरकायचे. त्याने फोन काढला की मी मोठ्याने विचारायचे, "कुणाला रे?" लोक वळून बघत. श्नेल भाजलेल्या हातांना पट्ट्या बांधून आला होता. त्याला काय चाललंय ते कळलं आणि तो मर्लच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभा राहिला. म्हणाला, "मला उभं राहायची सवय आहे." चाळीस कुटुंबांची नावं वाचली तेव्हा आम्ही तिघं असे ओळीने उभे होतो. हार्लन चाकाच्या खुर्चीत होते, नाकाला नळी. पेटिफर्ड हे नाव आलं तेव्हा त्यांनी डावा हात वर केला.

तेवढ्यात तू दिसलीस. निळा ड्रेस. केस कापलेस. रॉडेलच्या कानशिलांवर पांढरं आलंय. मी हात हलवला नाही, जागा सोडली असती तर मर्ल सुटला असता. तुम्ही आमच्या अगदी जवळून गेलात. नायाने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ती बाई पोलिसाला एवढी चिकटून का उभी आहे?"

तू थांबलीस. मला वाटलं तू पुढे जाशील. तू म्हणालीस, "ती माझी आई आहे. तो कुठे जाऊ नये म्हणून उभी आहे."

म्हणजे तुला कळलं होतं. कसं कळलं ते ठाऊक नाही. पेटिफर्डबाईंनी सांगितलं असेल, किंवा तू पत्रं वाचली असशील. मग तू नायाचा हात धरून गेलीस. त्यापेक्षा जास्त मी मागत नाही.

सप्टेंबरात खटला उभा राहील. साक्षीदारांत माझं नाव पहिलं आहे. वेंडल शेतापलीकडच्या त्याच्या घरात आहे, दिवसभर पडवीत माझ्या घराकडे तोंड करून बसतो.  काल मी त्याला शुगर क्रीम पाय नेऊन दिला, त्याने तो पायरीवरच राहू दिला. त्याच्याकडून मला भीती नाही.

आत्ता संध्याकाळचे साडेसात वाजलेत. दहा मिनिटांपूर्वी रस्त्यावर, माझ्या टपालपेटीपाशी एक गाडी येऊन थांबली आहे. इंजिन चालूच आहे. वेंडलच्या गाडीचा आवाज मला ओळखू येतो. हा त्याचा नाही.

राउशबाईंचा नंबर शेवटच्या कागदाच्या मागे लिहिला आहे. शनिवारी सकाळी त्यांना फोन करून विचार, नेल्डा बर्कहार्टशी तुमचं बोलणं झालं का. मला नाही केलास तरी चालेल. त्यांना कर.

आई


(पाकिटाच्या मागच्या बाजूला, पेनने)

पांढरी पिकअप, नंबर ७४२ पासून सुरू, पुढचं चिखलाने माखवलंय. आत मर्ल, गणवेश नाही. शेजारी एकजण, तो माझ्या नऊ नावांत नाही. मर्लने काच खाली केली आणि म्हणाला, "द्या ते पत्र, काकू, मी टाकतो." मी दिलं नाही. त्यांच्यासमोरच पेटीवर पाकीट टेकवून हे लिहिते आहे. पेटीत टाकणार नाही. पोस्ट सव्वा मैलावर आहे. अजून उजेड आहे. चालत निघाले.